जे पालक अंगणवाडीत येत नाहीत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कात्रज १९९७ साली पुणे महापालिकेत आले. २०१७ मध्ये शेजारचे आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आले; २०२१ मध्ये मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी आणि जांभूळवाडी. शहराची हद्द कात्रज घाटाकडे सरकत गेली तशा या पट्ट्यात बांधकामे वाढली, भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि बाहेरगावाहून पोटासाठी आलेली कुटुंबेही वाढली. बाप बिगारीवर किंवा टेम्पोवर, आई धुणीभांड्याला, आणि घरी सहा वर्षांखालचे एखाद-दुसरे मूल अशी ही घरे. अशा घरातल्या मुलाचे नाव अंगणवाडीत असते, पण वजनाच्या दिवशी, पालक मेळाव्याला किंवा लसीकरणाच्या सत्राला आईबाप दिसत नाहीत. महिन्यामागून महिने असे गेले की त्यांच्याविषयी एक मत पक्के होते: हे पालक सहकार्य करत नाहीत.

हे मत तपासून पाहायला हवे, कारण त्यावर मुलांचे आरोग्य अवलंबून आहे. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती, २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश होती आणि सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातल्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. इतकी मुले बेपर्वा आईबापांच्या पोटी जन्मली, असे कोणी म्हणणार नाही. माझे म्हणणे असे की, न येणाऱ्या बहुतेक पालकांना वेळ, पत्ता, भाषा किंवा भीती आड येते. त्याला बेपर्वाई म्हटले की उपदेश करण्यापलीकडे आपल्या हाती काहीच उरत नाही. वेळ, जागा आणि बोलण्याची पद्धत बदलणे मात्र आपल्याच हातात आहे. या कामात रोज आडव्या येणाऱ्या काही समजुती म्हणूनच एकेक करून पाहू.

गैरसमज १: ‘येत नाहीत, म्हणजे त्यांना मुलाची पर्वा नाही’

ही समजूत तपासता येते. पालकांना पर्वाच नसेल, तर सेवा दाराशी आणली आणि त्यांची अडचण थोडी हलकी केली तरी त्यांचे वागणे बदलायला नको. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या मदतीने अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे काहीच बदल केला नव्हता, त्या गावांत एक ते तीन वर्षांच्या फक्त ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले होते. जिथे दर महिन्याला ठरल्या दिवशी, न चुकता, गावातच शिबिर भरले तिथे हे प्रमाण १८ टक्के झाले. आणि जिथे शिबिराबरोबर प्रत्येक खेपेला किलोभर डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर जेवणाची ताटे दिली, तिथे ते ३९ टक्क्यांवर गेले. किलोभर डाळीने कोणाच्या मनात मुलाविषयी माया उत्पन्न होत नाही. माया आधीपासूनच होती. बुडालेल्या रोजाची थोडी भरपाई झाली आणि पाऊल उचलले गेले.

कात्रजमध्येही अडचण रोजाचीच असते. अंगणवाडी भरते तीच नाक्यावर मजुरांना काम मिळण्याची वेळ असते. नाक्यावर उभा राहणारा माणूस मुलाच्या वजनासाठी तासभर थांबला तर त्या दिवसाचे काम हातचे जाते. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईने एका सकाळी खाडा केला तर पगार कापला जातो आणि दोन-तीनदा केला तर कामही जाते. महिन्याच्या शेवटी भाडे भरायचे असलेल्या घराने रोज निवडला, तर तो निर्णय मुलासाठीच घेतलेला असतो. आता कोणी विचारेल, मग पालकांची जबाबदारी काहीच नाही का? आहेच. काही घरांत व्यसन असते, मारहाण असते, मुलाची खरीखुरी आबाळ असते, आणि तिथे बालसंरक्षण यंत्रणेची किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकाची मदत घ्यावीच लागते. पण अशी घरे ओळखायची कशी? सगळ्यांची वेळेची आणि अंतराची अडचण आधी दूर केली तरच मागे कोण राहिले ते दिसेल. ती दूर न करता सगळ्यांना एकाच मापाने मोजले, तर अडचणीतली घरे दुखावतात आणि धोक्यातली घरे त्याच गर्दीत लपून राहतात.

गैरसमज २: ‘पोर हसतंय-खेळतंय, म्हणजे तब्येत चांगली आहे’

ही समजूत पालकांची आहे आणि तिच्यामागे तर्क आहे. आजारी मूल निजून राहते, रडते, खात नाही. ते डोळ्यांना दिसते. वाढ मंदावलेले मूल मात्र खेळते, बोलते आणि शेजारच्या मुलांइतकेच दिसते, कारण शेजारच्या मुलांचीही वाढ तशीच मंदावलेली असते. त्यात ‘आम्हीच बुटके, पोर उंच कुठून होणार’ हा समज असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मुलांच्या वाढीचे मापदंड प्रसिद्ध केले, त्याआधी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांची वाढ मोजली. भारतातली मुले दिल्लीची होती. आईचे दूध, पुरेसा आहार, स्वच्छता आणि उपचार मिळालेल्या या मुलांची पहिल्या पाच वर्षांतली उंची देशोदेशी जवळजवळ सारखीच भरली. आईबापांच्या उंचीचा वाटा असतो, पण सबंध वस्तीतली मुले खुजी असतील तर कारण आनुवंशिकतेत शोधून भागत नाही.

म्हणून वजन-उंची घेणे आणि दंडाचा घेर मोजणे हा केवळ रजिस्टर भरण्याचा उपचार नव्हे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित धरले जाते, ११.५ ते १२.५ दरम्यान असेल तर मध्यम. या मुलांना साधे आजारही जीवघेणे ठरू शकतात. पण हे आईला कसे सांगायचे, यावर पुढचे सगळे ठरते. चार बायकांसमोर ‘तुमचं मूल कुपोषित आहे’ असे म्हटले की ती आई पुढच्या महिन्यात फिरकत नाही. तिच्या कानाला तो आरोप वाटतो. त्याऐवजी तिला वाढीच्या तक्त्यावरची रेघ दाखवावी आणि विचारावे: मागच्या महिन्यात बाळाला ताप-जुलाब झाले होते का? तुम्ही कामावर असता तेव्हा त्याला कोण भरवतं? दुपारी काय खातं? बऱ्याच घरांत उत्तर निघते ते बिस्किटाच्या पुड्याचे आणि कुरकुरीत खाऊच्या पाकिटांचे, कारण थोरल्या बहिणीला तेवढेच देता येते. मग सल्लाही त्या घराला झेपेल असा देता येतो: कामाला निघण्यापूर्वी वरणभात कालवून त्यात चमचाभर तेल, उकडलेले अंडे, शेंगदाण्याचा कूट, आणि दोनऐवजी चार-पाच वेळा थोडेथोडे भरवणे. प्रश्नापासून सुरुवात केली की आई स्वतःहून बोलू लागते.

गैरसमज ३: ‘लसीने ताप येतो, आणि एकदा डोस चुकला की सगळे वाया’

ताप येतो हे खरेच आहे, ते नाकारू नये. काही लसींनंतर एक-दोन दिवस अंग तापते, टोचलेली जागा दुखते. शरीर रोगाशी लढायची तयारी करत असल्याची ती खूण असते. पालकांची खरी अडचण वेगळी असते. रात्रभर रडणारे मूल आणि सकाळी गाठायचे काम यांची सांगड घालायची कशी? म्हणून लस टोचतानाच तापाचे औषध किती आणि कधी द्यायचे, कोणत्या लक्षणाला दवाखाना गाठायचा आणि कोणाला फोन करायचा, हे सांगून ठेवले तर पुढच्या डोसची भीती निम्मी होते. ‘काही होत नाही’ असे सांगून पाठवले आणि ताप आला, तर त्या घराचा विश्वास कायमचा उडतो.

दुसरी भीती चुकलेल्या डोसची. गावी गेल्याने डोस राहिला, आता कार्ड घेऊन गेलो तर बोलणी खावी लागतील, या धास्तीने कित्येक जण सत्राला येतच नाहीत. वस्तुस्थिती अशी की, बहुतेक लसींचा राहिलेला डोस तिथून पुढे चालू करता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. गोवर-रुबेलाचे डोस ९ ते १२ महिने आणि १६ ते २४ महिने या वयात द्यायचे असतात. ते चुकले तरी पाच वर्षांपर्यंत देता येतात. गावाकडे गेलेल्या मुलाला तिथल्या उपकेंद्रात लस मिळते आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तिची नोंद इथे चालते. कार्ड हरवले तरी लस नाकारायची नसते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि परिसरात, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली आणि तिने लहान मुलांचे जीव घेतले. लसीकरणातून सुटलेली मुले एका वस्तीत साचली की काय होते, हे त्या साथीने दाखवले. कात्रजसारख्या दर वर्षी नवी कुटुंबे येणाऱ्या भागाने ते विसरता कामा नये.

गैरसमज ४: ‘भाडेकरू आहोत, कागद नाहीत, अंगणवाडी आमच्यासाठी नाही’

ही समजूत पालकांत जितकी आहे तितकीच कधी कधी यंत्रणेतही असते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीतून वयानुसार मोफत आहार मिळण्याचा हक्क त्याने दिला. घर स्वतःचे की भाड्याचे, रेशनकार्ड पुण्याचे की परभणीचे, याच्याशी त्या हक्काचा संबंध नाही. मुलाचे स्वतःचे आधार कार्ड सक्तीचे नाही. आईच्या आधारवर नोंद होते. कुटुंब दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या राज्यात गेले तर पोषण ट्रॅकर या नोंदीच्या ॲपमधून नाव नव्या अंगणवाडीकडे वर्ग करता येते. ही सोय उपयोगी पडण्यासाठी एकच गोष्ट आधी घडावी लागते: नवे कुटुंब आले आहे हे सेविकेला कळले पाहिजे. ते कळण्याचे मार्ग वस्तीतच असतात. खोल्या भाड्याने देणारे घरमालक, बांधकामावरचे मुकादम, किराणा दुकानदार आणि रोज दारोदार जाणाऱ्या कचरावेचक महिला यांना नवे बिऱ्हाड सर्वांत आधी दिसते.

बांधकामाच्या जागेवरच राहणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण इमारत पूर्ण झाली की लेबर कॅम्प उठतो. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटावरच्या बांधकामापाशी मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केले ते याच कारणाने. पुण्यात हे काम पुढे ‘तारा मोबाइल क्रेशेस’ या नावाने चालू राहिले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी जागा ठेवणे बंधनकारक केले. पण लहान बांधकामांवर बायकांची संख्या तेवढी भरतच नसे, आणि तिथली मुले पुन्हा जवळच्या अंगणवाडीच्याच भरवशावर राहिली.

गैरसमज ५: ‘आईला सांगितले, ग्रुपवर टाकले, म्हणजे घरात पोचले’

आईला पटले तरी खर्च कशावर करायचा हे नवरा ठरवतो, काय भरवायचे हे सासू ठरवते आणि दिवसभर मूल सांभाळते ती शेजारीण किंवा थोरली मुलगी. मुलाला ससून रुग्णालयात न्यायला सांगितले तर कात्रजहून जाऊन येणे, रांग आणि तपासणी यात सबंध दिवस जातो. तो कोणाचा रोज बुडवून काढायचा, हा निर्णय आई एकटी घेत नाही. पोषण अभियानात अंगणवाडीत जे समुदाय आधारित कार्यक्रम घ्यायचे असतात, त्यांतल्या सुपोषण दिवसाचा एक हेतू पतींशी बोलण्याचा आहे. पण तो सकाळी अकराला ठेवला तर एकही बाप येणार नाही. महिन्यातून एकदा रविवारी किंवा संध्याकाळी, वस्तीतल्या मंदिराच्या ओट्यावर अर्धा तास ठेवला, तर काही येतील. आलेल्या बापांना मुलाचा दंडघेर स्वतःच्या हाताने मोजू द्यावा. स्वतः मोजलेली गोष्ट ऐकलेल्या सल्ल्याहून जास्त टिकते.

व्हॉट्सॲपचे तसेच. कित्येक घरांत फोन एकच असतो आणि तो दिवसभर बापाच्या खिशात असतो. आलेला मजकूर मराठीत असतो आणि घरात हिंदी किंवा कन्नड बोलली जाते. वाचता येत नसेल तर दोन निळ्या खुणांना काहीच अर्थ नसतो. अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप, घरच्या भाषेत, बाळाचे नाव घेऊन पाठवलेला, यापेक्षा बरा. पण मुलाचे वजन घसरल्याची बातमी मात्र कधीही ग्रुपवर टाकू नये. ती त्या घरापुरती आहे.

गैरसमज ६: ‘मेळावा आम्ही भरवला, येणे हे त्यांचे काम’

महाराष्ट्राचा अनुभव नेमका उलटा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले तेव्हा गरिबांची मुले शाळेपर्यंत येत नव्हती. त्यांनी वस्तीवर जाऊन अंगणातच वर्ग भरवले, मुलांना न्हाऊमाखू घालण्यापासून सुरुवात केली. ‘येत नाहीत’ हे त्यांनी पालकांचे दूषण मानले नाही. आपल्या कामाची जागा बदलली. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची काळजी घराघरांत पोचवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळांसाठी गृहभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला.

यावर एक गंभीर आक्षेप आहे: खेड्यात चालले ते शहरात चालेलच असे नाही. तो खरा आहे. झारखंड आणि ओडिशात ‘एकजूट’ संस्थेने स्त्रियांचे गट बांधून चर्चा घडवल्या, तिथे नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तसेच गट मुंबईच्या वस्त्यांत बांधले तेव्हा २०१२ च्या अहवालात मृत्यूंवर तसा परिणाम दिसला नाही. माझ्या मते याचे एक कारण शहरातल्या बाईच्या दिवसात आहे: सभेला बसायला तिच्याकडे दुपार उरत नाही. पण त्याच मुंबईत, धारावीत, ‘स्नेहा’ संस्था आणि एकात्मिक बाल विकास सेवा योजना यांनी मिळून मुलांची नियमित मोजणी, गृहभेटी आणि कृश मुलांवर उपचार यांवर भर दिला. तिथे कृश मुलांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी घेतलेल्या भागात ते १६.९ वरून १६ वरच आले. शहरात बोलावून घेण्यापेक्षा जाऊन भेटणे जास्त फळते, असा याचा अर्थ मी घेतो.

गैरसमज ७: ‘सेविकेने मनावर घेतले की सगळे होईल’

इथवरचे वाचून कोणी हा निष्कर्ष काढला तर तो सेविकांवर अन्याय होईल. पूर्वप्राथमिक शिक्षण, आहार, वजन-उंची, गृहभेटी, सर्वेक्षणे आणि मोबाइलवरच्या नोंदी हे सगळे त्यांच्याकडे आहे, आणि मोबदला अजूनही मानधन म्हणूनच मिळतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत केले, तेव्हा त्यांचे एक गाऱ्हाणे नोंदीचे ॲप मराठीत नसल्याचे होते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्णय दिला, कारण त्यांचे काम फावल्या वेळचे नाही. अशा बाईला संध्याकाळी घरोघर जा म्हणायचे, तर सकाळचा काही वेळ तिला मोकळा द्यावा लागेल, प्रवासखर्च द्यावा लागेल, अंधारात जाताना आशाताईची किंवा मदतनिसाची सोबत द्यावी लागेल. सगळ्या घरांना सारख्या भेटी देण्याचीही गरज नाही. ज्यांची मुले दोन महिने मोजली गेली नाहीत अशी पाच-दहा घरे आधी घेतली तर काम आवाक्यात येते.

कारण न मोजलेली मुले इतर मुलांसारखी नसतात. शंभरांपैकी नव्वद मुलांचे वजन झाले तर अहवालात ९० टक्के काम दिसते. पण राहिलेली दहा मुले म्हणजे बहुतेक वेळा ज्यांची आई पहाटे बाहेर पडते, जी नुकतीच गावाहून आली, जी आजारी आहेत, ज्यांच्या घरात भांडण आहे, तीच मुले. धोका जिथे सर्वांत जास्त तिथेच नोंद कोरी राहते, आणि उरलेल्यांची सरासरी चांगली दिसते. म्हणून दर महिन्याच्या बैठकीत पर्यवेक्षिकेने ‘किती टक्के झाले’ याआधी ‘कोणाचे राहिले, का राहिले आणि त्या घरी कोण, किती वाजता जाणार’ हे विचारावे, उत्तर लिहून घ्यावे आणि त्या भेटीसाठी लागणारा वेळ सेविकेच्या कामात धरावा. यासाठी नवी योजना किंवा नवे ॲप लागत नाही. न येणाऱ्या पालकाला दोष देण्याची सवय मात्र आपल्याला सोडावी लागेल.